पाव गोळी

मी मुळात संशयी. गवळ्यानं दूध घातलं की बोट बुडवून बघते, रिक्षावाला नेहमीचा रस्ता सोडून वळला की सावरून बसते. त्यामुळे नांदेडच्या आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरीला पाव गोळी, तीही दिवसातून एकदाच, लिहून दिली तेव्हा मनात पाल चुकचुकलीच.

तिचे कान आतून पिवळे पडले होते. यकृत बिघडलंय, म्हणाले. लेक शिकायला लातूरला गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई दोघीच; भांडण सोडून बोलायला मला ही मांजरीच होती. ती गेली तर, हा विचारही नको वाटायचा.

घरी येऊन मी तारेला अडकवलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. गेल्या वर्षी जुलाब झाले तेव्हा याच डॉक्टरांनी हीच गोळी अर्धी, दोन वेळा दिली होती आणि बाईसाहेब तीन दिवसांत टुणटुणीत झाल्या होत्या. आता जास्त आजारी असताना पाव? म्हणजे दुखणं लांबणार, आपल्या चकरा वाढणार. डॉक्टरांचा सगळा डाव मला कळला. मी जुन्या चिठ्ठीप्रमाणे अर्धी-अर्धी सुरू केली.

चौथ्या दिवशी ती पाण्याच्या वाटीकडे निघाली आणि भिंतीवर जाऊन आदळली. मान एका बाजूला कललेली, मागचे पाय फाकलेले. माझी नजर सरळ सासूबाईंकडे गेली. मांजरीनं दुधात तोंड घातलं की ‘देगलूरला सोडून येते हिला’ म्हणणाऱ्या त्याच. आदल्या दुपारी त्यांना वाटीपाशी वाकलेलं मी पाहिलं होतं.

“आई, हिला काय घातलंत?”

“म्या?” त्या बघतच राहिल्या. “पानी बदललं नुसतं. मुंग्या पडल्या व्हत्या त्यात.”

माझा विश्वास बसला नाही. पुरावा म्हणून वाटीतलं पाणी बाटलीत भरलं आणि दवाखान्यात निघाले. मांजरीची टोपली मांडीवर घेऊन त्याही रिक्षात बसल्या, तर त्याचासुद्धा मला संशयच आला.

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलंही नाही. “गोळी किती दिली?”

मी सांगितलं. आवाज आपोआप खाली गेला.

“ताई, औषध फोडून अंगाबाहेर काढायचं काम यकृताचं. काही औषधांना मांजराचं यकृत मुळातच संथ, त्यात हिचं आजारी. गेल्या वर्षी सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत बरीचशी निघून जायची. आता ती अंगातच साचते आणि तुम्ही वरून दुसरी देताय. त्याचाच मेंदूवर परिणाम होऊन तिचा तोल गेलाय. गोळी आजपासून बंद.”

परतताना रिक्षात सासूबाईंनी टोपली पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “तू अर्दी तोडून राहिली तवा इचारावं वाटलं मला. मग म्हनलं, शिकलेली हाय, तिला कळत असंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटली पिशवीत तळाशी ढकलली.

आठवडाभरात मांजरी सरळ चालायला लागली. डॉक्टरांनी यकृतासाठी दुसरी गोळी लिहून दिली, ती अजून चालू आहे. रोज सकाळी मी गोळी तोडते आणि सासूबाई समोर येऊन उभ्या राहतात.

“दाव, किती हाय ते.”

मी मूठ उघडते.