कार्बनच्या सायकलला स्टँड

विश्रामबागेत राहणाऱ्या, परदेशातून परतलेल्या एका इंजिनिअरकडून मी त्याची जुनी कार्बन फायबरची सायकल विकत घेतली. लोखंडाशिवाय सायकल टिकते कशी, हे मला बघायचं होतं. वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते स्टँड नसलेली सायकल म्हणजे भिंतीला टेकलेला दारुडा. ते मला घेऊन थेट सायकलच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने स्टँडचा पट्टा आवळला, तशी कार्बनची नळी बारीक करकरली.

"थांबा, फुटंल!" मी ओरडलो.

"फुटती ती सायकल कसली रं?" वडील म्हणाले. "आन दसऱ्याला पूजंत हिला उभी कोण धरणार?"

पट्टा काढला. नळी शाबूत होती. दसऱ्याला सायकल वडिलांनीच धरली आणि हळदकुंकू लावून होईपर्यंत ते सावधान उभे राहिले. नारळ मात्र त्यांनी बराच लांब जाऊन फोडला.