मंदाची सोयरीक आणि माझं पथ्य

चहा तुम्ही घ्या, मला नको. आता नको म्हटलं की तुम्ही विचारणार, का नको? आणि ते सांगायला बसलो की माझीच फजिती सांगावी लागते. पण सांगतो. या वयात अब्रू जपून काय तिचं लोणचं घालायचंय?

ऐंशीच्या पुढचं साल असेल. मी तेव्हा पंचवटीत चिवड्याच्या भट्टीवर कामाला होतो. दिवसभर कढईसमोर. भूक लागली की मूठभर शेव, नाही लागली तरी मूठभर शेव. वर चहा. कप रिकामा दिसला की भरायचा, असा आमचा कायदा. जेवण भट्टी विझल्यावर, तेही भसाभसा, आणि ताटावरून उठलो की थेट अंथरुणावर. शाळा माझी चौथीपर्यंत. पोटाचा धडा पाचवीत असेल, तो राहिला.

मग व्हायचं तेच झालं. पोट बंद पडलं. दोन-दोन, तीन-तीन दिवस! टमरेल घेऊन जायचो आणि पायाला मुंग्या आणून परत यायचो. डोकं जड, तोंडाला चव नाही, आणि स्वभाव चिडका. आमची ही म्हणते, स्वभाव आधीपासूनच तसा होता, पोटावर ढकलू नका.

शेवटी डॉक्टरकडं गेलो. म्हटलं, "जुलाबाचं काहीतरी जोरदार द्या." त्यांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "औषध देतो, पण चारच दिवसांचं. पुढचं तुमचं तुम्ही करायचं." आणि सांगितलं काय? सकाळी उठल्यावर गरम पाणी, दिवसभरात चहाच्या जागीही तेच. चहा बंद. बेसन-तळकट कमी, भाकरी आणि पालेभाजी जास्त. जेवताना ताक. घास नीट चावून. जेवायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, मध्ये काही तोंडात टाकायचं नाही. जेवल्यावर गोदेच्या काठानं चालायचं. आणि कळ आली की हातातलं काम टाकून जायचं.

"एवढ्यासाठी तुम्ही डॉक्टरकी शिकलात?" मी म्हटलं. "हे तर माझी आई फुकटात सांगायची."

"मग ऐकलं का नाही?"

मी औषधाची चिठ्ठी उचलून खिशात घातली.

मी ते सगळं केलं, पण डॉक्टरला खोटं पाडायचं म्हणून. पहिले आठ दिवस चहावाचून डोकं ठणकायचं, दिसेल त्याच्या अंगावर जायचो. आणि दहाव्या दिवशी सकाळी… अहो, बसलो न बसलो तोच उठलो! माझा मलाच विश्वास बसेना. घरी येऊन हिला झोपेतून उठवलं आणि सांगितलं.

इथवर ठीक होतं. पण मला सुख पचलं नाही. मी गावभर सांगत सुटलो. भट्टीवरच्या माणसांना, पोस्टमनला, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना. एका बारशात तर पाळणा हलवणाऱ्या आजोबांना थांबवून विचारलं, "तुमचं वेळेवर होतं ना?" निम्म्या बायका तोंडाला पदर लावून उठल्या.

त्यातच मंदाला स्थळ आलं. मंदा आमची थोरली. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळं गेली, असं घरच्यांचं म्हणणं. एका मुलाच्या बापाला मी एवढंच म्हटलं होतं, मुलगा बरा आहे, पण तुम्ही फार बोलता. खोटं होतं का? असो. हे तिसरं. मुलगा सिन्नरला कारखान्यात फिटर, घर सिन्नरजवळच्या खेड्यात. भट्टीवर माझ्याबरोबर असलेला नामदेव त्याच गावचा, स्थळ त्यानंच आणलेलं. म्हणाला, "भाऊ, आधी तुम्ही एकटेच येऊन घर बघून जा. पसंत पडलं तर ते येतील पोरगी बघायला."

निघताना हिनं दारात अडवलं.

"शपथ घ्या."

"कशाची?"

"तिथं पोटाचं बोलायचं नाही. ताक नाही, कोठा नाही, टमरेल नाही. एक अक्षर नाही!"

"अगं, पण कुणी विचारलं तर?"

"सोयरीक जुळवायच्या घरात तुमचं पोट कोण विचारतंय? मंदाच्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. हे स्थळ गेलं तर मी पोरीला काय तोंड दाखवू?"

घेतली शपथ.

मी अकराला जेवून निघालो, पोचलो दोनला. मुलाचे वडील रंगनाथराव दारात उभेच होते. ओसरीत सतरंजी अंथरलेली, घरातली चार-सहा माणसं बसलेली. आदल्या दिवशीच गावी आलेल्या नामदेवनं एकेकाची ओळख करून दिली, मी मान डोलावली. खरं सांगू? माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. सहाला अजून चार तास.

"च्या घ्या, पाव्हणं."

"नको."

"आर्धा कप?"

"घेत नाही."

"मंग दूध? सरबत?"

"काही नको. जरा गरम पाणी मिळालं तर बघा."

रंगनाथराव आत तोंड करून ओरडले, "आगं, पाव्हण्यांना गरम पानी!"

अर्धा तास झाला, पाणी येईना. मग बोलावणं आलं. बघतो तर अंगणात वाफाळती बादली, साबणाची नवी वडी आणि टॉवेल! आता प्यायला हवं होतं म्हणावं, तर कशाला, हा पुढचा प्रश्न. मंदाचा गळा डोळ्यांपुढं आला. काय करता? न्हालो! भर दुपारी, परक्याच्या अंगणात, नामदेवनं धरलेल्या टॉवेलचा आडोसा घेऊन!

केस पुसत ओसरीत येऊन बसलो तर पुढ्यात पोहे. खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

"नको."

मग शिरा आला. तुपातला.

"नको."

ओसरीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आता तुम्हाला ठाऊक असेल नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडं मुलीचा बाप घर बघायला जातो आणि स्थळ मनात भरलं नाही, तर त्या घरचं खात नाही. तोंडानं नाही म्हणायचं कामच पडत नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! माझ्या बहिणीच्या वेळी आमचे वडील असेच पोह्यांना हात न लावता उठले होते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच, अजून सहा वाजले नाहीत.

रंगनाथराव खाकरले. "पत्र्याचं घर हाय म्हना, पर औंदा स्लॅब टाकनार हाय."

"पत्रा तापतो," मी म्हटलं. तापलाच होता.

ते उठले. मला विहीर दाखवली. "पानी बारा महिनं."

"चांगलं आहे."

"मंग पोहे…?"

"नको."

गोठा दाखवला. "गाय जातिवंत हाय. घरचं तूप. मंग घासभर शिरा…?"

"नको हो!"

परत येताना नामदेवनं मला कांद्याच्या चाळीमागं ओढलं. पार घामाघूम झालेला.

"भाऊ, पोरीशी दावा मांडलाय का? काय वाईट हाय या घरात?"

"मी कुठं वाईट म्हणालो?"

"खात नाय तुम्ही! आत त्यांची मालकीण रडाय लागलीय. म्हनती, आपल्या पोरात काय खोट बघितली पाव्हण्यांनी? अख्ख्या गावाला दिसतंय, पोहे जसेच्या तसे परत गेले. उद्या दुसरं कुनी पोरगी द्यायला धा वेळा इचार करंल!"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. म्हटलं, "नाम्या, मला मध्ये खायची मनाई आहे. आणि का, ते सांगायची पण मनाई आहे."

"कुनाची?"

"मंदाच्या आईची."

नामदेव नुसता बघत राहिला. मी वाटेत कुठं डोक्यावर आपटलो की काय, असं.

ओसरीत आलो तर रंगनाथराव उभे. त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा मोठा माणूस तो!

"पाव्हणं, उनं काय ते तोंडावर सांगा. पोरगं बिडीला शिवत नाय. घरात भांडन नाय, कज्जा नाय. पन असं उपाशी नका जाऊ."

दाराआड बांगड्या वाजल्या, कुणीतरी नाक ओढलं. मग मला राहवेना. शपथ गेली चुलीत!

"रंगनाथराव, उणं तुमच्यात नाही! माझ्या कोठ्यात आहे! दोन वर्षं तीन-तीन दिवस होत नव्हतं! आता पथ्यानं रोज होतंय, तर मी भितोय, मध्येच खाल्लं तर परत बंद पडेल! आणि ते पाणी मला प्यायला पाहिजे होतं!"

सगळं एका दमात, खणखणीत आवाजात. भट्टीवर काम केलेला माणूस मी, हळू बोलायची सवय नाही. शेजारच्या ओसरीतल्या बाया उठून बघायला लागल्या. आत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मनात म्हटलं, गेलं! तिसरंही गेलं. आता घरी जायचंच नाही, इथूनच शिर्डीच्या गाडीत बसायचं.

रंगनाथराव सावकाश खाली बसले. माझ्या जवळ सरकले. आवाज खाली आणला.

"रोज होतं म्हनता?"

"रोज."

"किती वाजता?"

"सकाळी सहाला."

"आयला!" ते म्हणाले. "मला नऊ वरीस झाली."

त्यांची मालकीण दारात आली. डोळे पुसले आणि सुरूच झाली, "सांगा वो, दाजी, जरा तुम्हीच सांगा यांना! बैल बरा, निदान रवंथ तरी करतो. हे घास गिळत्यात. पालेभाजी केली की ताट सरकवत्यात. शेतावर जायची घाई, म्हून कळ आली तरी दाबून ठेवत्यात. आन् मंग शनवारी एरंडेल!"

"एरंडेल बंद," मी म्हटलं. "सकाळचा पहिला चहा बंद."

"पहिला बी?"

"पहिलाच!"

आता मला कोण आवरतंय? भाकरी मागवली. रंगनाथरावांच्या तोंडात एक तुकडा दिला आणि म्हटलं, चावा, मी मोजतो. दहाव्याला ते गिळायला लागले तशी त्यांची मालकीण ओरडली, "गिळू नगा!" मग सगळी ओसरी मोजायला लागली. तीसपर्यंत नेलं आम्ही. रंगनाथराव म्हणाले, "भाकर गोड लागती की वो!" साठीला आलेला माणूस, भाकरीची चव त्याला त्या दिवशी कळली.

सहा वाजले. मी पानावर बसलो. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. माझा पहिला घास तोंडात गेला तशी नामदेवनं डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग त्यांनी पोरगी बघायला यायचा वार ठरला, नारळ, गळाभेट. शेवटच्या गाडीला सोडायला सगळं घर फाट्यापर्यंत आलं.

घरात पाऊल टाकलं तर ही पुढ्यात. "खाल्लंत तिथं?"

"भाकरी, मेथी आणि ताक."

"म्हणजे पसंत!" हिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. मंदा आत भांडी लावत होती, तो आवाज एकदम थांबला. "आणि मुलगा कसा आहे?"

मी तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

"उंच आहे का?"

"सगळे… बसलेले होते."

"रंगानं?"

"ओसरीत उजेड कमी होता."

"अहो, चष्मा आहे का नाही, एवढं तरी?"

"रंगनाथरावांना आहे."

हिनं कपाळाला हात लावला. "चार तास होतात ना तिथं? बोलत काय होतात?"

आता ते कसं सांगणार? शपथ घेतली होती ना!

दुसऱ्या दिवशी भट्टीला दांडी मारून पहिल्या गाडीनं परत गेलो. रंगनाथराव अंगणात बसलेले, हातात गरम पाण्याचा पेला. मला बघून लांबूनच ओरडले, "पाव्हणं, झालं का?"

"झालं. तुमचं?"

"नाय. पन कळ येऊन गेली!" खूश होते. "आज कसं काय येनं केलं?"

म्हटलं, "रंगनाथराव, राग धरू नका. पोरगा बघायचा राहिला."

त्यांनी पेला खाली ठेवला. आतून त्यांची मालकीण बाहेर आली, कमरेवर हात ठेवून.

"आवो दाजी, काल तुमच्यासाठी रजा टाकून बसला व्हता की पोरगा! तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून! भाकर चावताना सगळ्यांत मोठ्यानं तोच मोजत व्हता. आज कामावर गेला."

घरी येऊन हिला सांगितलं, पोरगा कामसू आहे. कधीही जा, घरी सापडायचा नाही.