बिद्रीच्या ताईला लावलेला माईक

अकोल्याहून कोल्हापूरच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत ताईसाठी मूगवड्या होत्या आणि गळ्यात एक डबी. डबीतून दोन तारा कानात गेलेल्या. समोरच्या बाईंना वाटलं, आजी गाणी ऐकतायत.

कानाचं मशीन मी दोन वर्षं वापरून कपाटात ठेवून दिलं होतं. त्यात माणसाच्या आधी पंखाच ऐकू यायचा, आणि चार जण एकदम बोलले की सगळ्यांचा काला व्हायचा. मग नातीने हा माईक आणला. चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, मागे चिमटा. बोलणाऱ्याच्या कपड्याला तो लावायचा, की फक्त त्याचा आवाज माझ्या कानात येतो. जणू माणूस माझ्या खांद्यावर बसूनच बोलतो आहे.

ताई माझी थोरली बहीण. भाऊजी बिद्रीच्या साखर कारखान्यात होते, म्हणून ती पन्नास वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. गेल्या दिवाळीत मी निघताना तिने तोंड माझ्या कानाशी आणलं आणि हळूच काहीतरी सांगितलं. मी तीनदा "काय?" म्हटलं. शेवटी ती ओरडली, "काय न्हाय, गाडीत बसून घे."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. बहिऱ्या माणसाला लोक सांगतात पुष्कळ, पण ओरडून सांगण्यासारखंच. कानात सांगायचं ते राहून जातं. फोनवर विचारावं, तर मी एक विचारायची आणि ती दुसरंच सांगायची. दोष माझ्या कानांचा, असं मी धरून चाललेले. म्हटलं, आता माईकच घेऊन जावं.

दुपारी कोल्हापूरला उतरले. स्टेशनाबाहेर शाहूपुरीत एका खानावळीत शिरले. तांबडा रस्सा किती तिखट असतो ते मालकांना विचारायचं होतं. उत्तर ऐकायला म्हणून मी त्यांच्या खिशाला माईक लावला. त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मग माईककडे, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कुठला चॅनेल, मावशी?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी घसा साफ केला. "तर मंडळी, आमच्या आजोबांनी पयल्यांदा..." आजोबा झाले, मसाला झाला, न मागता मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध घातलेल्या पांढऱ्या रश्शाची दुसरी वाटी आली. माझे कान मात्र झणझणायला लागले.

"जरा हळू बोला हो," मी म्हटलं.

"हळूच बोलतोय की. मोठ्यानं बोललो तर रंकाळ्यापर्यंत जातंय." मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "कॅमेरावाला कुठाय?"

"कॅमेरा नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून हा माईक आहे."

मला वाटलं, आता वाटी उचलून नेतील. ते शांतपणे समोरच्या बाकड्यावर बसले. "आधी सांगायचं की. पण बरं झालं. एवढं पुरतं आमच्यात कुणी ऐकून घेत न्हाय," असं म्हणून त्यांनी आजोबांचं राहिलेलं सांगून टाकलं.

तिथून गारगोटीची एसटी धरली. बिद्री वाटेत लागते, आणि मागच्या खेपेला हाक ऐकू न आल्यामुळे मी पार पुढे गेले होते. या वेळी सरळ कंडक्टरच्या खिशाला माईक लावला. लोक त्याला रफिकभाई म्हणत होते. "बिद्री आली की नुसतं तोंडातल्या तोंडात सांगा," मी म्हटलं. तो गाडीभर फिरला आणि मी खिडकीशी बसून कुणाची म्हैस व्याली, कुणाचं जावळ आहे, सगळं ऐकलं.

"आजी, बिद्री," तो म्हणाला. मी ऐटीत उतरले. गाडी सुटली आणि माझ्या कानात आवाज आला, "चला, आता थेट गारगोटी." मग खरखर. मग काहीच नाही. माईक त्याच्या खिशालाच राहिला होता.

ताईच्या दारात मी जवळजवळ रडतच गेले. ताई ओरडून काहीतरी विचारत होती, मी ओरडून माईक-माईक करत होते, आणि शेजारच्या दोघी कुंपणाशी येऊन थांबल्या. ताईच्या सुनेला, वैशालीला, तेवढं कळलं. तिचं माहेर गारगोटीचं. तिने फोन करून भावाला स्टँडवर पिटाळलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिघी फाट्यावर उभ्या होतो. गारगोटीहून परतणारी गाडी वळणावर दिसली न दिसली तोच माझ्या कानात खरखरलं, "आजी, आलोय बघा. ऐकू येतंय का न्हाय?" मी रस्त्याच्या मधोमध मान डोलवली. गाडी थांबली. सगळी एसटी खिडक्यांतून बघत होती. रफिकभाईने दारातूनच माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वैनींच्या माहेरी जाऊन आला तुमचा माईक. चहापण झालाय."

घरी पोचेपर्यंत माईकची बॅटरी संपली. रात्री तो चार्जिंगला लावला. सकाळी वैशाली डेअरीत दूध घालायला गेली, तेव्हा ताई परसात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या पदराला माईक लावला.

"आता सांग. दिवाळीत काय म्हणालीस?"

ताईने नुसतं हसून मान हलवली. मी पुन्हा विचारलं, हाताने दिवा दाखवला, तोंडाशी हात नेला. तेव्हा तिला कळलं. दाराकडे एकदा बघून तिने हनुवटी माईकवर टेकवली.

"बेबे, मला ऐकू येईना झालंय. दोन वरसं झाली. घरात ठाऊक न्हाय कुणाला. समोरचे हसले की हसते, मान हलवली की हलवते. वैशाली गल्लीत सांगती, सासू लई गरीब झाली, उलट एक शब्द बोलत न्हाय." मग म्हणाली, "कळलं तर मला म्हातारीत काढतील गं."

ही ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मला हसू आवरेना, आणि डोळेही. सबंध वर्ष फोनवर आम्ही दोघी कुणासाठी ओरडत होतो? गल्लीसाठी.

मी कानातल्या तारा काढून तिच्या कानात घातल्या आणि माईक माझ्या पदराला लावला. अगदी हळू म्हटलं, "ताई, मी बोलून राहिली."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, "तू अजून आईवाणीच बोलतीस."

मग तिने डबी काही सोडली नाही. संध्याकाळी स्वतःच वैशालीच्या पदराला माईक लावला. वैशालीने बिचकत विचारलं, "आई, चहा ठेवू?"

"ठेव. आन साखर कमी घाल. दोन वरसं पाक पितेय मी."

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. गरीब सासूचे दिवस संपले, हे तिच्या लक्षात आलं असावं. चहा मात्र बिनसाखरेचाच आला, आणि ताईने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

परतीच्या गाडीत मी माईकवाचून बसले होते. समोरचे चार जण तोंड हलवत होते, मी त्यांच्याबरोबर हसत होते, मान हलवत होते, आणि दर वेळी मला ताई आठवत होती. नात म्हणते, तुला दुसरा आणू. आण म्हटलं, पण घाई नाही. जे ऐकायला गेले होते ते ऐकून आले.

हे लिहू का, असं मी ताईला वैशालीकडून विचारून घेतलं. ताईचा निरोप आला: लिही की, लिहिलेलं गल्लीत ऐकू जात न्हाय.