मोतीरामच्या भिंतीवरचा माणूस

मामाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भंडाऱ्याला घरासमोर गाडीची हवा तपासत होतो. रविवारी त्यांना आसगावला न्यायचं ठरलं होतं. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता मोतीरामला कोण सांगणार? महिना उलटला तरी त्या विचाराची टोचणी जात नाही.

पवनीला मामाजींचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, तेव्हा ते गावोगावचे जुने फोटो शोधू लागले. मूळ फोटो कोणाच्या घरून कधी आणला नाही. अंगणात उन्हाला ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि मोठी प्रत करून ज्याचा माणूस त्याच्या घरी नेऊन द्यायची. आसगावची जुनी शाळा गावाने श्रमदानाने बांधली, त्या वेळचा एक फोटो त्यांना मिळाला. अर्धी भिंत आणि तिच्यापुढे उभी माणसं, नाव एकाचंही नाही. ती नावं शोधत ते वर्षानुवर्षं फिरले.

मोतीराम हा तिथला धानाचा शेतकरी. वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मामाजींनी फोटोतल्या एकावर बोट ठेवलं. "मोतीराम, हे तुहे बाबूजी. जबडा पाह्य, तुह्यासारखाच हाय." उन्हातान्हात फोटो घेऊन दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि कशाच्या आधारावर म्हणायचं? "असतीन, मामाजी," तो म्हणाला. त्या चेहऱ्याची मोठी प्रत भिंतीवर लागली. कुंकवाचा टिळा, हार, अक्षय्यतृतीयेला त्याच्यासमोर पान वाढणं सुरू झालं.

पुढे ढिवर मोहल्ल्यातल्या सीताबाईंनी त्याच माणसावर बोट ठेवलं. "हे आमच्या घरचे." मामाजींनी नाव विचारलं, तर त्या हसल्या. "मी कशी नाव घेऊ, भाऊ? दिराले इचारा. अन् डावा हात पाहा, एक बोट अर्धंच हाय. बंडीच्या चाकात गेलं." मामाजींनी भिंग लावून पाहिलं. बोट अर्धंच होतं.

तेव्हापासून त्यांना चैन पडली नाही. मोतीरामकडे जायचे, चहा प्यायचे, न सांगता परत यायचे... मी बँकेतला माणूस, मला या घोळाचा राग यायचा. "खरं ते सांगून मोकळे व्हा," मी म्हणायचो.

"तुले वजाबाकी सोपी हाय," ते म्हणाले. "त्याच्या भिंतीवरून बाप कसा वजा करू, ते सांग."

यंदा जुनी शाळा पाडायला काढली. नव्या इमारतीत तो फोटो नावांसह लावायचा असं पंचायतीने ठरवलं आणि मामाजींकडे नावं मागितली. आता सांगणं भाग होतं. "तू बाजूले बसजो फक्त," मला म्हणाले. तो रविवार आलाच नाही.

तेरवी झाल्यावर मी एकटाच गेलो. मला गोल गोल बोलता येत नाही, एका दमात सांगितलं. मोतीरामने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "काहून नाही सांगतलं त्यायनं? एवढ्या खेपा आले..." फोटोकडे हात करून तो पुढे म्हणाला, "शाळेत खरं नाव लिवा. अन् त्या मायले घेऊन या. तिनं नेतो म्हटलं, तर देतो."

सीताबाई काठी टेकत आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. काच लख्ख होती, हार ताजा होता. मोतीरामने स्टूल ओढून त्यावर पाय ठेवला आणि फोटो उतरवायला हात वर केले.

"थांब," त्या म्हणाल्या. "याले पुसते कोन?"

"मीच."

"रोज?"

"आंघोळ झाली का पुसतो."

सीताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. धाप लागली होती. "मंग राहू दे, बाबू," म्हणाल्या. "माह्या घरी धूर लय होते."