तार मीच काढली

वरकुटं सोडलं त्या सकाळी टेंपोत गाद्या, पिंपं, हंडे सगळं चढलं, पण रेडिओ हिनं चढवू दिला नाही. मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हरसमोर मी म्हणालो, "बाळ हाय का ते, मांडीवर घ्यायला?" तर म्हणाली, "तुमच्यापरीस बरं बोलतंय."

थोरल्या पोरानं बारामतीला बोलावलं होतं. माझे गुडघे गेलेले, शेत वाट्यानं दिलं. फ्लॅटात लिफ्ट, गीझर, मला सगळं पसंत पडलं. हिची एकच अडचण. दुपारी तीनचा बायकांचा कार्यक्रम ज्या लहान स्टेशनवर लागायचा, ते तिथं धरायचं नाही. नुसती खरखर.

गावाकडं तरी ते कुठं सरळ लागत होतं. स्टेशनची ताकदच कमी. उपाय हिनंच काढलेला. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार शेवग्याला बांधायची, दुसऱ्या टोकाचे सात-आठ वेढे रेडिओभोवती घालायचे आणि मग रेडिओ जात्यावानी हळूहळू फिरवायचा. बरोबर तोंड आलं की शेजारी बसून कुणी बोलल्यागत आवाज. चौथी शिकलेली, पण स्टेशनला कार्ड लिहायची. तिचं कार्ड वाचायचे त्या दिवशी आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर.

फ्लॅटातही तिनं शोधून काढलं. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा बंद केला की खरखर निम्मी कमी. मग तार गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला बांधून खिडकीतून आत घेतली. आवाज आला. तिनं लगेच कार्ड टाकलं, आता आमी बारामतीला राहातो म्हणून.

चार दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. "आबा, ती तार तुमची का? मिरच्या वाळत घालायच्यात?" चारचौघं हसले. मीही हसलो. काढा असं ते म्हणालेसुद्धा नव्हते. ती देवळात गेल्यावर मी तार ओढून काढली आणि भंगारवाल्याला दिली.

तिला म्हणालो, "स्टेशनच बंद पडलंय. तार कशाला ठेवायची?"

"कुणी सांगितलं?"

"पेपरात आलंय."

मी पेपर वाचत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं रेडिओ कपाटावर ठेवला. परत विषय काढला नाही. दीड वर्षानं छातीत दुखायचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत गेली.

दहाव्याला गावी गेलो. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "भावजी, तिचं बारामतीचं कार्ड रेडिओवर वाचलं तवा मी लगीच फोन केला. तर म्हणाली, ह्यांनी तार काढली, स्टेशन बंद पडलंय म्हणत्यात. तवापासनं रोज तीनला तिचा फोन यायचा. मी फोन रेडिओपाशी ठेवायची."

मी म्हणालो, "मला बोलली न्हाय."

"आळीतल्या समद्या बायकांस्नी म्हणायची, त्यास्नी सांगू नका. लाजंनं जेवायचं न्हाईत."

मला आठवलं. तीन वाजता ती स्वयंपाकघराचं दार लोटून फोन कानाला लावून बसायची. एक शब्द बोलायची नाही. मी बाहेरून ओरडायचो, "किती गप्पा हाणतीस गं."

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, जिन्यातल्या चार माणसांसाठी मी हे केलं. त्यातल्या दोघांची नावं मला आजही माहीत नाहीत. आणि गावाकडच्यांनो, आबा गावाला का येत नाही, असं विचारता. गुडघ्याचं सांगतो, ते कारण खोटं आहे. थोरल्याच्या घरात मला काही कमी नाही. मी काय केलं हे तिथं कुणाला ठाऊक नाही, म्हणून बरं वाटतं. पण त्याला मला घर म्हणवत नाही. माझं घर तुमच्यात, जिथं आळीतल्या सगळ्या बायकांना माझं खोटं माहीत होतं. दहाव्याच्या दिवशी एवढं सांगून शांताबाईंनी माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. आणि मी ती खाल्ली.