चालू न करता चाललेला कोड

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कुणी मशीनला लिंबू-मिरची बांधली, की ती सोडून टाकणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

टेंभुर्णीत मक्याचं बियाणं वाळवायचा एक छोटा प्लांट आहे. तिथल्या ड्रायरचा प्रोग्राम माझा, सी भाषेतला. उष्णता जरा जास्त झाली की बियाण्यातला कोंब मरतो, आणि माझ्या प्रोग्राममधल्या उष्णतेच्या हिशोबाने एक अख्खा लॉट तसा वाया गेला होता. मग भोकरदनच्या प्रोग्रामर नाजिमा बाजींनी तो हिशोब हॅस्केल नावाच्या फंक्शनल भाषेत लिहून दिला. माझं पानोपानी पसरलेलं गुंतवळ त्यांनी एका पानात बसवलं – अगदी गणितासारखं स्वच्छ. वाचून मी खुळावलोच.

मालकांना मात्र पटेना. "आपल्या इथं कुणाला येत न्हाई ते. आज लॉट बराबर निघाला तर ठीक, न्हाईतर काढून टाका."

त्या सकाळी बाजींचा कंपाइल केलेला कोड मी पहिल्यांदाच माझ्या प्रोग्रामला जोडला आणि ड्रायर लावला. संध्याकाळपर्यंत उष्णता हवी तिथेच. ते बियाणं पाच-सहा दिवस ओल्या गोणपाटात ठेवून पाहिलं, तर दाणा न् दाणा उगवला. मालक म्हणाले, "बाजी, आता तुमचाच कोड ठेवायचा."

मग फाइली आवरताना मला दिसलं... सीमधून हॅस्केलचा कोड बोलवायच्या आधी त्याचं इंजिन – म्हणजे रनटाइम – एका ओळीने चालू करावं लागतं. ती ओळच नव्हती. बाजींना वाटलं मी लिहिली, मला वाटलं त्यांनी. तोच प्रोग्राम त्याच मशीनवर आम्ही पुन्हा लावला, तर लगेच बंद पडला. परत लावला, परत बंद.

मी म्हणालो, "तुमचा कोडच एवढा भारी आहे, बाजी."

"कोडचं कौतुक बिलकुल कर," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशीचं माझ्या नावावर टाकू नको. रनटाइम बंद असताना माझा कोड चालूच शकत न्हाई. मंग हिशोब केला कुणी?"

ती ओळ आता प्रोग्राममध्ये आहे. तरी प्रत्येक लॉटच्या आधी बाजींचा फोन येतो, "ओळ हाय ना रे?" मी हो म्हणतो, आणि फोन ठेवून पुन्हा एकदा फाइल उघडून बघतो. त्या दिवशी ज्याने कुणी सांभाळून घेतलं, त्याच्यावर दुसऱ्यांदा भार टाकायची आमची दोघांची हिंमत नाही.