मी विरजण म्हणालो होतो

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे. ओळखीची माणसं मला 'गुरुजी' म्हणतात, आणि त्या एका शब्दाने गेली अकरा वर्षं माझं तोंड बंद ठेवलं आहे.

गेल्या आठवड्यात नातवाचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली. सुनेने खोक्यावरचं वाचून सहज विचारलं, "बाबा, प्रोबायोटिक म्हणजे काय हो?" — आणि माझ्या जिभेवर तोच शब्द आला. आयता, गुळगुळीत. मी तो गिळला आणि तिच्यावरच खेकसलो, "खोक्यावर लिहिलंय तेवढं वाच ना!" तिचा काय दोष? ती आत निघून गेली. मी मात्र बाटली हातात घट्ट आवळून बसलो. संताप होता तो. कोणावर — तेच सांगतो आहे. जरा थांबत थांबत सांगेन.

सुरतेत, उधन्याच्या मराठी शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. खानदेशातून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची मुलं. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्या वर्गात शुद्ध मराठी — यावर माझा फार कटाक्ष. निवृत्तीनंतर एका मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. तिथे नवजात बाळांवर एक अभ्यास चालू होता. काही बाळांचं आतडं जन्मतःच मध्ये बंद असतं, किंवा तुटलेलं असतं. दूध पुढे जातच नाही. एक-दोन दिवसांचं पोर, त्याचं पोट उघडायचं, आतडं जोडायचं, आणि मग नळीने थेंब थेंब दूध. अशा बाळांना चांगले जंतू पुडीतून दिले तर वाईट जंतू मागे हटतात का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. निम्म्या बाळांना जंतूंची पुडी, निम्म्यांना नुसती साधी भुकटी. कोणाला कोणती, ते आईबापांना माहीत नाही, नर्सनाही नाही. तसं असलं तरच खरं काय ते कळतं. हे सगळं मराठी आयांना समजावून त्यांची सही घ्यायची — ते माझं काम.

मला पांढरा कोट दिला. मला तो फार आवडला. हेही कबूल करून टाकतो.

अभ्यासाच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी दोन पानी कागद हातात ठेवला. म्हणाल्या, "गुरुजी, एकेक वाक्य वाचायचं. मनाने काही जोडायचं नाही. आणि उपमा द्यायची नाही." मी म्हणालो, "नाश्त्यालासुद्धा नाही?" त्या हसल्या. मीही हसलो. आणि मनात म्हणालो — या काल आलेल्या मुलीने मला शिकवावं? उपमेशिवाय काही डोक्यात शिरतं का कोणाच्या?

मग 'सूक्ष्मजीव' शब्द आला की बाया घाबरायच्या. टाके घातलेल्या लेकराच्या पोटात जंतू सोडायचे? मी हसून म्हणायचो, "अगं, विरजण! दुधाला लावतेस ना, तसं." लगेच चेहरे सैल व्हायचे. लगेच सही. किती जणींना म्हणालो? मोजलं नाही. मला माझाच अभिमान वाटायचा.

आणि एक दिवस भारती आली.

"गुरुजी, ओळखलं का? पाचवीला तुमच्या वर्गात होते मी." मी ओळखलं नव्हतं, पण हो म्हणालो. बावीस-तेवीस वर्षांची. नवरा संजय लूमच्या कारखान्यात. पहिलीच मुलगी, आतडं दोन ठिकाणी बंद. शस्त्रक्रिया नीट झाली होती. भारतीने माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला — दोन्ही पानं, ओळीखाली बोट फिरवत, मी शिकवलं होतं तसं. तेवढ्या सगळ्या आयांत कागद स्वतः वाचणारी मी पाहिली ती हीच. वाचून तिने विचारलं, "गुरुजी, जिवंत जंतू?" मी म्हणालो, "विरजण गं." ती म्हणाली, "घरच्या विरजणात असतात तेच?" आणि मी — बाहेर दोघी-तिघी थांबल्या होत्या, चहा गार होत होता — मी म्हणालो, "तेच समज."

तेच समज. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तिने सही केली. सुवाच्य, वरची रेघ सरळ.

दोन दिवसांनी तिने मला व्हरांड्यात गाठलं. कागदावरचं ते निम्मं-निम्मं तिच्या डोक्यात बसलं होतं. घाबरली की ती अहिराणीवर यायची. "गुरुजी, मन्ही पोरले खरी पुडी भेटस का खोटी?" मी म्हणालो, ते कोणालाच माहीत नसतं. ती वॉर्डात परत गेली. तिने काय विचार केला असेल, ते आज मला लख्ख दिसतं. आपल्या वाट्याला खोटी पुडी आली असेल तर? आणि खरी वस्तू तर घरात आहे. गुरुजींनीच सांगितलंय, तेच आहे म्हणून. सांगा, यात अडाणीपणा कुठे आहे? एका हुशार मुलीने एका मूर्ख माणसाच्या शब्दावर काढलेला बरोबर निष्कर्ष होता तो.

तिने घरच्या दह्याचं पाणी, बोटाचं टोक भिजेल एवढं, बाळाच्या जिभेला लावलं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी नर्सने पाहिलं. चौथ्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. सहाव्या दिवशी ते गेलं. बारसंही झालं नव्हतं.

चौकशी एका लहान खोलीत झाली. मोठे डॉक्टर, डॉक्टरबाई, नर्स, मी. समोर भारती उभी, आणि कामावरून तसाच आलेला संजय, केसांत कापसाचा बुरा. मोठ्या डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, दही द्यायला कोणी सांगितलं? भारतीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती हो. गुरुजी आहेत, गुरुजी सांगतील — एवढंच होतं. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, गुरुजी?"

मी म्हणालो, "नाही साहेब. कागदावर आहे तेवढंच मी वाचून दाखवलं. हिला समजलं नसेल."

डॉक्टरांनी विचारलं, "पढ़ी-लिखी है?"

आणि मी मान हलवली. नाही म्हणून.

मी. जिला मी जोडाक्षरं शिकवली, तिच्याबद्दल. कोटाचं बटण लावलेलं होतं, घाम फुटला नव्हता, आवाज कापला नव्हता. कागदावर लिहिलं गेलं — आई निरक्षर, सूचना समजल्या नाहीत. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. त्याच फाइलमध्ये, दोन पानं मागे, भारतीची सुवाच्य सही होती! तीन शिकलेली माणसं त्या खोलीत बसली होती, आणि एकालाही पान उलटून पाहावंसं वाटलं नाही. लूमवाल्याची बायको, लुगड्याला दुधाचा वास — ती निरक्षरच असणार. त्यांचा मला आजही संताप येतो. पण त्यांना माहीत तरी नव्हतं.

नंतर डॉक्टरबाई मला जिन्यात म्हणाल्या, दह्यानेच झालं असं कोणी ठामपणे सांगू शकणार नाही, जोड आपोआपही सुटतो. हे तरी मी तिच्या घरी जाऊन सांगायचं होतं ना? गेलो नाही. पुढे सात महिने तोच कोट घालून कागद शब्दशः वाचत राहिलो. अभ्यास संपला. मी विरजण म्हणायचो, हे त्याच्या कागदांत कुठेही नाही.

दोन वर्षांपूर्वी भारती उधन्याच्या भाजीबाजारात दिसली. भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडली. शिवी दिली असती तर मी उभा राहू शकलो असतो. पिशवीत दह्याचं पाऊच होतं. आणि माझी ही नादान जीभ — "काय गं, दही विकतचं?" ती साधेपणाने म्हणाली, "घरात मी विरजण लावत नाही, गुरुजी. सासूबाई लावू देत नाहीत."

नऊ वर्षं तिला दुधाच्या पातेल्याला हात लावू दिला नव्हता, आणि ती मला म्हणाली, "तब्येतीला जपा."

मी घरी आलो आणि जेवलो. दही-भात.

फाइलमधली ती नोंद आता बदलून लिहितो. आई — भारती. शिक्षण सातवी पास. सूचना तिने स्वतः वाचल्या होत्या आणि तिला समजल्या होत्या. घरचं विरजण तेच, असं तिला मी सांगितलं. विचारल्यावर मी खोटं बोललो.

याची एक प्रत इस्पितळाला पाठवतो आहे. दुसरी भारतीच्या घरी जाईल. सासूला दाखवायची की फाडून टाकायची, ती ठरवेल. वाचून दाखवायला कोणी लागणार नाही. तिला वाचता येतं.